बारा फुटांचं टेबल

मी गुडघे टेकून पहिली फळी उचकटत होते, तेवढ्यात माझ्या कानाजवळून एक चेंडू टप्पे खात गेला आणि भिंतीला लागून परत फिरला. मागे वळून पाहिलं, तर हॉलच्या त्या टोकाला एक उंच माणूस उभा. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. चेहऱ्यावर अपराधी भाव, पण अर्धाच.

"सॉरी, ताई," तो म्हणाला. "शेवटचं एकदा... म्हटलं, आवाज ऐकून घ्यावा."

"कसला आवाज?"

"चेंडूचा. लाकडावर तो वेगळा वाजतो. आता इथं रबर बसवणार आहेत. रबरावर नुसतं थप्प होतं."

त्यानं चेंडू पुन्हा आपटला. खरंच वेगळा आवाज होता – भरीव, खालून कुणीतरी हुंकार दिल्यासारखा. फळ्यांखाली केवढी पोकळी असेल, याचा मी अंदाज घेत होते. तो कसला विचार करत होता कोण जाणे. पण क्षणभर दोघंही ऐकत होतो.

"झालं असेल ऐकून, तर बाजूला व्हा," मी म्हणाले. "आणि मला ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणायची वेळच येणार नाही. मी चारच दिवस आहे इथं."

"मीही चारच दिवस आहे." तो चेंडू काखेत धरून जवळ आला. "मुख्याध्यापिका बाईंनी मला देखरेखीला ठेवलंय. म्हणजे... तुमच्यावर."

ते शाळेचे पीटीचे सर होते. मुलं त्यांना शिट्टी सर म्हणतात, हे मला त्याच दिवशी शिपाईमामांनी सांगितलं. हॉलचं छप्पर बरीच वर्षं गळत होतं. एका कोपऱ्यातल्या फळ्या कुजून वर आल्या होत्या आणि मुलं ठेचकाळून पडत होती. नवीन जमीन हवी म्हणून सलग तीन वर्षं अर्ज केले ते याच सरांनी. अर्ज मंजूर झाला आणि त्यांनाच वाईट वाटायला लागलं. अशी माणसं असतात.

आमच्या घरी जुन्या लाकडापासून फर्निचर करतात. पाडलेल्या घरांच्या तुळया, गोदामांचे दरवाजे, बंद पडलेल्या दुकानांची कपाटं – सगळं आमच्या कारखान्यात येतं. बाबा त्यातून खुर्च्या-टेबलं घडवतात आणि आई त्यांना पॉलिश करते. मी मधली सगळी कामं करते. बाबा मला पाचर म्हणतात, कारण मी लहानपणापासून कुठेही घुसते आणि एकदा घुसले की निघत नाही.

शाळेच्या हॉलचं काम मात्र बाबांनी मला एकटीला दिलं होतं. पहिल्यांदाच. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या होत्या, "जमिनीच्या फळ्या न्या, आणि त्यातूनच आमच्या वाचनालयाला एक लांबलचक टेबल करून द्या. बारा फुटी. शाळा उघडेल त्या दिवशी मुलं त्यावर बसलेली दिसली पाहिजेत." मग थोडं थांबून त्यांनी दुरुस्ती केली होती, "म्हणजे, त्याच्याभोवती."

"मी बघायलाही येणार नाही," बाबा मला म्हणाले. "पण वेळेत झालं नाही, तर मी हातात घेईन. मग माझ्या पद्धतीनं होईल."

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच हजर. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून देखरेख करत उभे.

"देखरेख करताना हात मोकळे असतात का?" मी विचारलं.

"अगदी मोकळे."

मी पकड पुढे केली. "मग खिळे काढा. फळी मोकळी झाली की पाठीमागचे सगळे खिळे ओढायचे. एकही राहता कामा नये."

ते लगेच खाली बसले. खिसे चाचपून त्यांनी खडूचा तुकडा काढला आणि खिळे काढलेल्या प्रत्येक फळीवर पाढ्यांची वही तपासावी तशी बरोबरची खूण करायला लागले. खुणा फार सुबक होत्या. मी बघतेय, हे त्यांना कळलं की आणखी सुबक व्हायच्या.

"तुम्ही याच शाळेत शिकलात?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"जमिनीकडे माहेरी आल्यासारखं बघता."

ते हसले. पुढच्या एका दाताचा कोपरा तुटलेला होता. "तो इथंच पडला," माझी नजर बघून ते म्हणाले. "सातवीत. त्या पांढऱ्या रेघेवर. सापडला तर सांगा, ओळख पटवून घेईन."

त्या जमिनीवर रेघाच रेघा होत्या. पांढऱ्या बास्केटबॉलच्या, लाल बॅडमिंटनच्या, पिवळ्या व्हॉलीबॉलच्या. एकमेकींना छेदत, कुठे झिजलेल्या, कुठे दोनदा रंगवलेल्या. त्यांच्याखाली सागवान होतं, कित्येक वर्षं बुटांनी घासून गडद झालेलं. मला ते सागवानच दिसत होतं. त्यांना रेघा.

चौथ्या दिवशी ट्रक भरता भरता ते म्हणाले, "टेबलावर या रेघा छान दिसतील."

"रेघा कशाला राहतील? रंधा मारला की सगळ्या जातील. मग बघा आतून कसं लाकूड निघतं ते."

हातातली फळी त्यांनी खाली ठेवली. "सगळ्या?"

"सगळ्या."

"ठेवता नाही येणार?"

"मी फर्निचर करते, सर. जुन्या आठवणींची वही नाही करत." म्हणायचं होतं त्यापेक्षा ते जरा जास्तच टोकदार निघालं.

त्यांनी खाली ठेवलेली फळी पुन्हा उचलली. मग हळूच म्हणाले, "जी मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत ना, ती सगळी माझ्याकडे असतात. वाचनालयाच्या दारातूनच परत फिरतात. आत त्यांच्या ओळखीचं काही दिसलं असतं, तर कदाचित... एवढंच." आणि शेवटची फळी ट्रकमध्ये चढवून ते निघून गेले. जाताना शिट्टी खिशात घातलेली दिसली.

पुढचं सगळं भांडण माझ्या डोक्यातच चाललं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी रंध्याचं मशीन सुरू केलं आणि त्यांना एकेक उत्तर द्यायला लागले. लाकडाचं सौंदर्य म्हणजे काय ते. मुलांना चांगलं काही द्यायचं तर पूर्ण चांगलं द्यावं ते. मुद्दे फार बिनतोड सुचत होते. तिसरी फळी मशीनमध्ये गेली आणि कर्कश आवाज आला. पातं फुटलं. फळी उलट उसळली आणि माझ्या डाव्या तळहातावर बसली.

चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बारा-तेरा दिवस हात वापरायचा नाही. शाळा उघडायला अठरा दिवस होते. मशीनचं नवं पातं यायलाच दहा दिवस लागणार होते.

बाबांनी फळी उलटीपालटी करून पाहिली. डोकं तुटलेला एक खिळा आत रुतून बसला होता. शेजारी खडूची सुबक खूण. ते बाह्या दुमडायला लागले.

"बाबा, नको," मी म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही."

"एका हातानं करणार?"

"बघते."

दोन दिवसांनी दुपारी सर आले. मुख्याध्यापिका बाईंकडून कळलं असणार. कारखान्याच्या दारात ते उभे राहिले, माझ्या हाताच्या पट्टीकडे बघत. आईनं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. पाणी न पिताच ते म्हणाले, "ती खूण माझी होती."

"चुंबक माझं होतं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"जुनं लाकूड मशीनखाली घालायच्या आधी आम्ही त्यावर चुंबक फिरवतो. राहिलेला खिळा कळतो. त्या दिवशी मी फिरवलंच नाही."

"का?"

"तुमच्याशी भांडत होते."

"पण मी तर इथं नव्हतो."

"म्हणूनच तर. तुम्ही नव्हता, त्यामुळे भांडण फारच रंगलं होतं."

ते हसले नाहीत, पण खांदे जरा सैल पडले. मग त्यांनी चुंबक मागून घेतलं, रास लावलेल्या फळ्यांसमोर बसकण मारली आणि पहिल्यापासून एकेक फळी तपासली. संध्याकाळपर्यंत आणखी तीन खिळे सापडले. ते त्यांनी बाबांसमोर नेऊन ठेवले, नापास झालेल्या मुलानं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे.

"आता काय काम राहिलं?" त्यांनी बाबांना विचारलं.

"रंधायचं. हातानं. मशीन बंद आहे."

"मला सुट्टी आहे. दोन हात आहेत."

"रंधा धरलाय कधी?"

"नाही. पण मी रोज मुलांना त्यांना न जमणाऱ्या गोष्टी शिकवतो. म्हणजे न जमणं कसं असतं ते मला चांगलं माहीत आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भुशाकडे पाहिलं.

"काम पाचरचं आहे," बाबा म्हणाले. "तिला विचारा."

"उद्या आठ वाजता," मी म्हणाले. "ट्रॅकसूट नको. भुसा अडकतो."

दुसऱ्या दिवशी ते साध्या शर्टात आले आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यांची मान फार उघडीबोडकी दिसते. शिट्टी तेवढी होती. ती मी मागून घेतली.

"कशाला?"

"शिकवायला. तुमची पद्धत."

त्यांनी रंधा असा धरला, जसं काही तो चावेल. पहिल्याच दणक्याला पातं लाकडात रुतलं. मी शिट्टी वाजवली. "कोपर खाली. खांद्यानं नाही, कमरेतून जोर." दुसऱ्यांदा रंधा फळीवरून नुसताच घसरत गेला. पुन्हा शिट्टी. "घाई कशाची? फळी पळून जाणार नाही." आई पॉलिशच्या कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसली होती. दहाव्या शिट्टीनंतर ते म्हणाले, "आता मुलं माझ्याविषयी काय म्हणत असतील, ते मला कळतंय."

"काय म्हणत असतील?"

"हा माणूस घरी जात का नाही."

"तुम्ही जाऊ शकता."

"नाही," ते म्हणाले. रंधा पुन्हा फळीवर ठेवला, माझ्याकडे न बघता. "मला घरी जायचं नाहीये."

त्यावर शिट्टी वाजवणं मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या रंध्यातून पहिली अख्खी साल निघाली. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, न तुटता. इतकी पातळ की आरपार उजेड दिसावा. त्यांनी ती दोन बोटांत उचलली, हुंगली, आणि माझ्या हातावर ठेवली. लाकूड एवढं जुनं, पण आतून ताज्या सागवानाचा वास येत होता – जरा कडवट, जरा चामड्यासारखा. आम्ही दोघं त्या सालीकडे जरा जास्तच वेळ बघत होतो. आईनं आतून विचारलं, "चहा तीन कप की चार?" रोज चारच असायचा. तरीही तिनं विचारलं.

रेघांचा विषय आम्ही दोघंही टाळत होतो. आतापर्यंत आम्ही फक्त फळ्यांची खालची बाजू रंधत होतो, जाडी एकसारखी करायला. वरची बाजू शेवटी घ्यायची होती. सहाव्या दिवशी मी फळ्या जुळवून बघायला जमिनीवर मांडल्या, लाकडाच्या शिरा कुठे कशा येतात ते पाहायला. मांडून झाल्या आणि स्टुलावर चढून बघितलं.

हॉलमध्ये ज्या रेघा शिस्तीत होत्या, त्या आता पार विस्कटल्या होत्या. लाल रेघेचा तुकडा पिवळ्या रेघेत शिरला होता. पांढरी रेघ फूटभर जाऊन थांबत होती आणि तीन फळ्या सोडून पुन्हा उगवत होती. मुलांची सुट्टी झाल्यावर वर्ग कसा दिसतो, तसं काहीतरी. मधेमधे गडद सागवान. मी बराच वेळ स्टुलावरच उभी राहिले.

सरही बघत होते. पण त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. ते विनवणी करतील आणि मग मी नाही म्हणेन, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी ती संधीच दिली नाही.

"वर रंधा मारायचा नाही," मी म्हणाले. "नुसतं हलकं खरवडायचं. रंग तसेच ठेवून पॉलिश करायचं."

त्यांचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू विचारात पडला. "म्हणजे... मी सहा दिवस जी बाजू रंधली, ती कुणाला दिसणारच नाही?"

"गुडघ्यांना दिसेल."

"एवढे फोड आले हाताला. गुडघ्यांसाठी?"

"बोटांना कळेल हो. टेबलाशी बसलेलं माणूस खालून हात फिरवतंच. आणि खरी सुतारकी तिथंच कळते."

बाबा दारात येऊन उभे होते. बघायला येणार नाही म्हणाले होते, पण आले. त्यांच्या हातून आजवर एकही टेबल असं डाग ठेवून बाहेर पडलेलं नव्हतं. ते वाकले, पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"घासून जाणार नाही?"

"आईच्या पॉलिशखाली नाही जाणार."

"आणि हे असंच हवंय तुला."

"हो."

"मग तुझं टेबल आहे," बाबा म्हणाले आणि परत गेले. मी मोठी झाले, असं मला कुणी कधी सांगितलं असेल, तर ते त्या दिवशी.

रात्री जेवताना आईनं विचारलं, "हे त्याच्यासाठी केलंस?"

"टेबलासाठी."

"बरं," आई म्हणाली. ते एका शब्दाचं बरं मला झोप येईपर्यंत पुरलं.

पुढचे दिवस कसे गेले ते कळलंच नाही. फळ्या चिकटवल्या, पाय जोडले. मी सांगायची, ते करायचे. कधी माझं वाक्य संपायच्या आधीच त्यांचा हात हव्या त्या पटाशीवर जायचा. मग माझे टाके निघाले. डॉक्टरांनी हाताची उघडझाप करून दाखवायला सांगितली, मी दाखवली, आणि आनंदात कारखान्यात येऊन म्हणाले, "सर, माझा हात बरा झाला. उद्यापासून तुम्ही मोकळे."

ते टेबलाच्या पायावरचा भुसा झटकत होते. झटकतच राहिले. "हो," म्हणाले. "बरोबर आहे. आता तुमचं तुम्हाला जमेल."

आणि गेले. दुसऱ्या दिवशी आठ वाजले. सव्वाआठ झाले. पटाशी मला माझी मलाच उचलावी लागली. आई तीन कप चहा घेऊन आली.

"तू त्याला मोकळं केलंस," ती म्हणाली, "की घालवलंस?"

"मी चांगल्या अर्थानं म्हणाले होते."

"त्याला अर्थ कळला का?"

तीन दिवस आई पॉलिश चढवत होती आणि मी टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फडकं फिरवत होते. ते इतकं सुंदर झालं होतं की रडू यावं. दाखवायला कुणी नव्हतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी टेबल पोचवलं. उतरवायला शिपाईमामा आले, दोन शिक्षक आले, आणि त्यांच्या मागून शिट्टी सर. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, आणि टेबलाचं सगळ्यात जड टोक धरलं. वाचनालयात खिडक्यांजवळ टेबल बसवलं. दोन्ही बाजूंना सहा-सहा खुर्च्या लागल्या. मुख्याध्यापिका बाईंनी टेबलाभोवती एक चक्कर मारली, लाल रेघेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, मी इथं सर्व्हिस करायची, बॅडमिंटनला." मग एकदम त्या कपाटाच्या किल्ल्या आणायला गेल्या. त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले.

मी खिडकीजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसून कोपरा पुसत होते. कोपरा आधीच स्वच्छ होता. सर पार दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर बसले. मध्ये बारा फूट सागवान.

"छान झालंय," ते म्हणाले.

"तीन दिवस आला नाहीत."

"तुम्ही मोकळं केलंत ना."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

"एवढ्या लांबून... कसं सांगू?"

ते उठले. एक खुर्ची पुढे येऊन बसले. "आता?"

"अजून लांब आहे."

ते आणखी एक खुर्ची पुढे सरकले. "मग मीच सांगतो. मला रंधा मारायला अजिबात आवडत नाही. हात भरून येतात. भुशानं शिंका येतात. तरी मी अकरा दिवस आलो." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "तुमच्या बाबांना वाटलं असेल, चुकीची भरपाई करतोय. ती तर तीन दिवसांतच झाली होती."

"बाबांना तसं वाटलं नाही."

"मग काय वाटलं?"

"बाबा काही बोलत नाहीत. आई म्हणाली, हा मुलगा खिळ्यासाठी येत नाही."

ते आणखी एक खुर्ची पुढे आले. आता त्यांचा तुटलेला दात दिसत होता, कारण ते हसत होते. मुलांसमोर दिवसभर ओरडणारा माणूस इतक्या हळू बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"मला..." ते म्हणाले आणि थांबले. "मला तू रोज दिसायला हवीस. कारखान्यात, घरात, कुठेही. तीन दिवस दिसली नाहीस, तर काय करावं तेच कळेना. हॉलच्या नव्या रबरावर बसून राहिलो."

तू म्हटल्याचं त्यांच्याही लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते परत घ्यावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आमच्यामध्ये अजून एक खुर्ची उरली होती. ते अंतर मी ओलांडलं. मधे फडकं खाली पडलं, ते उचलायला थांबले नाही. त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या तळहातावर रंध्याचे घट्टे पडले होते, माझ्या तळहातावर टाक्यांची ताजी रेघ. मी माझा हात त्यांच्या हातात ठेवला.

"भुशानं शिंका येतात म्हणालास," मी म्हणाले.

"येतात."

"आयुष्यभर येतील मग."

"येऊ देत," तो म्हणाला.

बाहेर पावलं वाजली. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, मग आमच्याकडे पाहिलं.

"एवढं लांबलचक टेबल केलंय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं असे चिकटून का बसलात?"

"दोघांना जागा पुरते का," मी म्हणाले, "ते बघतोय."